सिरॅमिक ग्रेनची डिस्क: तिप्पट दर कोणाच्या फायद्याचा?

टूलरूमवाले, सातारा

‘धातू घासायची सिरॅमिक डिस्क म्हणजे रंग लावून तिप्पट दराने विकलेला जुनाच माल, आमच्या कुपवाडच्या कास्टिंगला ब्राउन डिस्क आजवर पुरली आहे आणि पुढेही पुरेल,’ असे एका फाउंड्रीचालकांनी काल येथे लिहिले. त्या विधानाला ज्या उत्साहाने दाद मिळाली, ती पाहून सविस्तर लिहिणे भाग पडले.

ब्राउन ग्रेन, म्हणजे डिस्कवरचा धातू घासणारा तपकिरी दाणा, बॉक्साइटपासून बनतो. विद्युत भट्टीत २००० अंशांहून अधिक तापमानाला ते वितळवतात आणि थंड झालेली ढेप फोडतात. अशा दाण्यात मोजकेच, मोठे स्फटिक असतात; त्यामुळे धार गेली की तो एकतर नुसता घासत राहतो, नाहीतर त्याचा मोठा टवका उडतो. सिरॅमिक दाणा मुळात वितळवलेला नसतोच. अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) हायड्रेटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून त्याचे जेल करतात, ते वाळवून फोडतात आणि साधारण १३०० अंशांच्या आसपास भाजतात. एकेका दाण्यात मायक्रॉनहूनही बारीक असे असंख्य स्फटिक राहतात, आणि काम करताना कडेचा कण सुटला की खालून नवी धार उघडी पडते. थ्रीएम कंपनीने हा ग्रेन १९८१ मध्ये बाजारात आणला आणि नॉर्टन कंपनीचे या पद्धतीचे पेटंट १९८६ चे आहे, म्हणजे ज्याला आपण कालची फॅशन समजत आहात त्याला चाळीस वर्षे होऊन गेली.

आमच्याकडे डी-टू जातीच्या टूल स्टीलचे हार्ड केलेले पंच (भोके पाडायची हत्यारे) पांढऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या व्हीलवर ग्राइंड करताना कडेला निळसर झाक येत असे, आणि ती दिसली की जॉब जळाला हे वेगळे सांगावे लागत नाही. तीस टक्के सिरॅमिक मिसळलेले व्हील लावल्यापासून ती झाक गेली, व्हीलला पुन्हा धार आणण्यासाठी डायमंड मारण्याचे कामही कमी झाले. व्हील महाग आहे हे मान्य. परंतु व्हीलचा दर पाहायचा की निघालेल्या जॉबचा खर्च?

फाउंड्रीचालक, कुपवाड

भट्टीपासून पेटंटपर्यंतचे व्याख्यान ऐकून धन्य झालो. आपल्या टूलरूममध्ये पंच चुंबकावर बसतो, कूलंट वाहते आणि मायक्रॉनचा हिशेब होतो. आमच्याकडे बिडाचे कास्टिंग जमिनीवर पडलेले असते, त्यावर वाळू चिकटलेली असते आणि माणसाच्या हातात चार इंची ग्राइंडर असतो. विक्रेत्याच्या आग्रहाखातर आम्हीही सिरॅमिक ग्रेनची फायबर डिस्क वापरून पाहिली. थोड्याच वेळात ती आरशासारखी चकाकू लागली, कापणे थांबले आणि मुलांनी ती कोपऱ्यात फेकून पुन्हा ब्राउन लावली. चाळीस वर्षे जुन्या तंत्राला चार इंची मशिनवर चालता येऊ नये, याचे आपल्याकडे काय उत्तर आहे?

टूलरूमवाले, सातारा

उत्तर आपल्याच वर्णनात आहे. हा दाणा फुटण्यासाठी दाब लागतो. दाब अपुरा पडला की तो फुटत नाही, बोथट होतो आणि चकाकतो. चार इंची हलक्या मशिनवर, बिडावर, अलगद हात फिरवून सिरॅमिक वापरणे हा पैशाचा अपव्ययच आहे, एवढे आपल्या समाधानासाठी लिहून देतो. शिवाय राखाडी बिडासाठी सिलिकॉन कार्बाइड हा वेगळा दाणा पूर्वापार चालत आला आहे, त्यामुळे आपली ब्राउन डिस्कही तेथे सर्वोत्तम नव्हे. मात्र चुकीच्या मशिनवर चुकीच्या धातूला लावून मालच खोटा ठरवणे हे परीक्षण नव्हे.

फेटलिंग ठेकेदार, पलूस

दोन्ही साहेब दाबाविषयी अगदी सहज बोलत आहेत. तो दाब मशिनमधून येत नाही, आमच्या माणसांच्या खांद्यातून येतो. संध्याकाळी त्यांच्या बोटांना मुंग्या आलेल्या असतात आणि चहाचा कप धरताना हात थरथरतो, हे टूलरूममधून दिसणार नाही.

एका फाउंड्रीत आम्ही किलोच्या दराने फेटलिंग, म्हणजे कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढण्याचे काम, करत होतो. मालकांनी मोठी मशिने आणि सिरॅमिक डिस्क आणल्या. स्टीलच्या कास्टिंगचे रायझर (ओतकामात वर उरलेले जादा धातूचे खुंट) खरोखरच झपाट्याने उतरू लागले, हे मी नाकारत नाही. दुसऱ्याच महिन्यात मालकांनी किलोचा दर उतरवला. कारण काय, तर ‘आता तुमचे काम लवकर होते’. डिस्क कंपनीची, खांदा आमचा आणि वाचलेला वेळ मालकांचा, हा कोणता हिशेब?

फाउंड्रीचालक, कुपवाड

आता ठेकेदारांनी विषय काढलाच आहे, तर दुसरी बाजूही लिहितो. अर्धी वापरलेली डिस्क ‘संपली’ म्हणून नवी मागायची, आणि जुनी संध्याकाळी बाहेरच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पोहोचवायची, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. डिस्क तिप्पट दराची झाली की ही गळतीही तिप्पट होते. त्यात भर म्हणजे गार्ड काढून सात इंची झिजलेली डिस्क चार इंची मशिनवर चढवणारे महाभाग. त्या डिस्कवर मिनिटाला ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते आणि मशिन ११,००० फेऱ्यांनी फिरते. डिस्क फुटली की पोलीस ठाण्यात मालकालाच बोलावतात.

फेटलिंग ठेकेदार, पलूस

मालक, पुराव्याशिवाय सरसकट चोर म्हणू नका. सात इंची डिस्क चार इंची मशिनवर का चढते? स्टोअरमध्ये चार इंची डिस्क शिल्लक नसते आणि गाडी भरायची घाई आपल्यालाच असते. गार्ड काढणे चूकच आहे. ते काढताना सुपरवायझर समोर उभा असतो, एवढेही सोबत लिहा.

दुकानदार, मिरज

काउंटरमागून थोडे लिहितो. साखर कारखान्यांचे आणि दूध संघांच्या टाक्यांचे स्टेनलेस काम करणारे फॅब्रिकेटर सिरॅमिकवर वाद घालत नाहीत, मुकाट्याने घेऊन जातात. त्या डिस्कवर उष्णता कमी ठेवणारा वरचा थर असतो, त्यामुळे पत्रा काळा पडत नाही. वाद घालतात ते बिडावाले, आणि त्यांना मी स्वतःहून सिरॅमिक दाखवतही नाही.

रंगाबद्दल कुपवाडकरांचा संशय मात्र रास्त आहे. नारिंगी किंवा निळा रंग कोणत्याही दाण्याला देता येतो, आणि तसा माल बाजारात भरपूर आहे. साच्यातून काढलेला दाणा असेल, तर भिंगाखाली एकसारखे, उभे केलेले त्रिकोण दिसतात. साध्या फोडलेल्या सिरॅमिक दाण्यात तसे काही दिसत नाही. तेथे ओळखीच्या डीलरचे बिल हाच आधार.

टूलरूमवाले, सातारा

माझा प्रश्न दाण्याचा होता, तो किलोच्या दरावर जाऊन पोहोचला. तरीही ठेकेदारांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जॉबमागे खर्च काढताना आम्ही व्हील, वीज आणि वेळ धरतो. हाताने दाबायचे काम असेल तर वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात टाकायचा, हे माझ्या तक्त्यात कोठेच नाही. कुपवाडकरांना एवढेच सुचवतो की त्यांनी स्टीलच्या कास्टिंगवर, मोठ्या मशिनवर, एकाच माणसाच्या हाताने दोन्ही डिस्क चालवून उतरलेल्या लोखंडाचे वजन करावे.

फाउंड्रीचालक, कुपवाड

वजन करतो. डिस्क सरस ठरली तर आपले व्याख्यान चौकटीत लावून फाउंड्रीत टांगतो. आमच्या बिडाच्या कामाला मात्र ब्राउनच राहील, तेवढे आपण लिहून दिलेच आहे.

फेटलिंग ठेकेदार, पलूस

वजन करायला माणूस माझाच लागणार. डिस्क सरस ठरली तरी वर्षभर किलोचा दर उतरणार नाही, असे आधी लेखी द्या, मग सोमवारी माणूस पाठवतो.

फाउंड्रीचालक, कुपवाड

लेखी देतो. सिरॅमिक डिस्क ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने घ्यायची, ही अटही त्याच कागदावर राहील.

फेटलिंग ठेकेदार, पलूस

मग ब्राउनच बरी, मालक.