मदत हवी आहे: नाटकांच्या फोटोंसाठी डीएसएलआर सोडून मिररलेस घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत हौशी आणि प्रायोगिक नाटकांचे फोटो काढते. एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्यचे प्रयोग, अधूनमधून एखाद्या व्यावसायिक नाटकाचा शुभारंभ. नोकरी वेगळी आहे, पण संस्थांना जाहिरातीसाठी आणि पुढच्या प्रयोगांच्या बोलणीसाठी चांगले फोटो लागतात, आणि ते काम मी बरीच वर्षं मनापासून करते आहे. आत आरसा असलेला डीएसएलआर सोडून बिनआरशाचा मिररलेस कॅमेरा घ्यावा का, यावर व्हिडिओ ढीगभर पाहिले. तिथे सगळं पक्षी, लग्नं आणि प्रवास यांच्याभोवती फिरतं. काळोख्या नाट्यगृहात बसून फोटो काढणाऱ्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथे सविस्तर विचारते आहे.

सध्या माझ्याकडे निकॉन डी७५० आहे, २०१४ साली आलेलं मॉडेल. सोबत ७०-२०० एफ २.८ (व्हीआर टू), ८५ एफ १.८ जी आणि जुनी १८० एफ २.८ डी, अशा तीन लेन्स. फोटोंच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत मी बिनधास्त वाढवते, छापूनही फोटो छान येतात. अंधारात फोकस मधल्या बिंदूवर उत्तम लागतो. शटर मात्र लाख क्लिकच्या पुढे गेलंय, आणि निकॉनने या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं होतं. लगेच बंद पडेल असं नाही, पण आता यावर नवीन खर्च करायचा का, हा विचार येतोच. त्यात २०२० मधल्या डी७८० आणि डी६ नंतर निकॉनने नवा डीएसएलआर आणलेला नाही.

खरा प्रश्न आवाजाचा आहे.

शिवाजी मंदिरला किंवा दीनानाथला मागे, साउंडवाल्यांच्या शेजारी उभं राहिलं तर आरसा उचलल्याचा खटका फारसा कुणाला जाणवत नाही. विनोदी नाटक असेल तर हशात सगळं विरून जातं. पण पृथ्वीसारख्या जागेत, जिथे प्रेक्षक तीन बाजूंनी नटाच्या अगदी अंगाशी बसलेले असतात, किंवा एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये होणाऱ्या प्रायोगिक नाटकात, तो खटका शेवटच्या रांगेपर्यंत जातो. डी७५०मध्ये आवाज कमी करणारा 'क्यू' मोड आहे. त्यात आरसा खाली यायला थोडा वेळ घेतो, एक मोठा आवाज दोन छोट्या आवाजांत वाटला जातो, इतकंच. आणि नाटकात फोटो नेमका तिथे असतो जिथे कुणी बोलत नाही. वाक्य संपलंय, समोरच्याने ते ऐकलंय, अजून उत्तर दिलेलं नाही. त्या पॉजमध्ये चेहऱ्यावर जे उमटतं ते नंतर परत मिळत नाही. मी तिथे बटण दाबत नाही. नटाचा पॉज मोडून काढलेला फोटो मला नको आहे. त्यामुळे माझ्याकडे बोलणाऱ्या, ओरडणाऱ्या, हातवारे करणाऱ्या नटांचे पुष्कळ फोटो आहेत आणि गप्प बसलेल्यांचे फार थोडे.

मिररलेसमध्ये सायलेंट शटर असतं, म्हणजे पडदा हलतच नाही, सेन्सर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाचला जातो, हे मला माहीत आहे. मग लगेच घेऊन टाकावा असं वाटलं होतं. पण एका मित्राचा मिररलेस घेऊन प्रयोगाला बसले तेव्हा सायलेंट मोडमधल्या कितीतरी फोटोंवर आडवे काळपट पट्टे आले. एलईडी दिव्यांमुळे असं होतं असं तो म्हणाला. जुने हॅलोजनचे पार (स्टेजचे दिवे) असताना ही भानगड नव्हती, आता बहुतेक ठिकाणी निम्मे-अर्धे दिवे एलईडीच असतात.

तर जाणकारांना विचारायचं ते हे. ज्या शांततेसाठी एवढा खर्च करायचा, ती एलईडीखाली वापरताच येत नसेल तर बदल करण्यात अर्थ आहे का? पट्टे न येणारा कॅमेरा दोन लाखांच्या आसपास मिळतो का? माझी १८० त्यावर चालेल का? ती लेन्स मला सोडवत नाही, चेहरे तिच्यातून फार सुंदर येतात. बॅटरी आणि वजन यांचं प्रत्यक्षात काय होतं, तेही सांगा. वापरलेल्या माणसांचा अनुभव हवा आहे.

प्रतिसाद १

ताई, मी प्रकाशयोजना करतो, कॅमेऱ्यातलं मला कमी कळतं. पण पट्ट्यांचा अर्धा गुन्हा आमच्याकडचा आहे, म्हणून लिहितो.

स्टेजवरचा एलईडी मंद करायचा म्हणजे बहुतेक वेळा त्याला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करायचं. डोळ्याला तो मंद दिसतो, कॅमेऱ्याला लुकलुकताना दिसतो. तोच दिवा पूर्ण उघडला तर बऱ्याच दिव्यांत हे लुकलुकणं जवळपास नाहीसं होतं. म्हणजे उजळ प्रवेशात तुमचे फोटो स्वच्छ येतील आणि प्रकाश उतरला की पट्टे येतील. नेमके तुम्हाला हवे असलेले पॉज आम्ही मंद प्रकाशातच ठेवतो, ही अडचण खरी आहे.

चांगल्या दिव्यांत ही वारंवारता मेनूतून वाढवता येते. स्वस्त पारमध्ये येत नाही. प्रयोगाआधी लाइटवाल्याला विचारा, चेहऱ्यावर कुठला दिवा आहे आणि तो किती टक्क्यांवर आहे. चेहऱ्यावर हॅलोजन आणि मागच्या पडद्यावर एलईडी असेल तर पट्टे मागेच राहतील. आम्हाला विचारलेलं आवडतं, कुणी विचारत नाही एवढंच.

प्रतिसाद २

मी डी७५०वरूनच झेड६ टूवर गेलो. तो २०२०चा कॅमेरा. शास्त्रीय संगीताच्या मैफली आणि नाटकं दोन्ही करतो.

आधी पट्ट्यांचं गणित. सायलेंट मोडमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. झेड६ टूला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण १/२० सेकंद लागतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणजे थेट विजेवर लुकलुकणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. १/२० सेकंदात ते पाचदा होतं आणि फोटोत पाच पट्टे दिसतात. झेड६ थ्री (२०२४) हेच काम १/७० सेकंदाच्या आसपास करतो, त्यामुळे तिथे पट्टे संख्येने कमी. झेड८ तर १/२७० च्या आसपास, त्याला पडद्याचं शटरच दिलेलं नाही. पण तो तुमच्या बजेटबाहेर जाईल.

आता उपाय. शटर १/१०० सेकंद ठेवलंत तर प्रत्येक ओळीला दिव्याचं एक पूर्ण चक्र मिळतं आणि पट्टे जातात. १/५० ला दोन चक्रं. डिमरवरच्या एलईडीची वारंवारता वेगळी असते, तरी शटर जितकं सावकाश तितके पट्टे फिके. तुम्ही ज्या पॉजबद्दल लिहिलंय त्यात नट हलत नाही. तिथे १/१०० पुरतं. मी असंच करतो: नट बोलत किंवा फिरत असेल तर पडद्याचं शटर आणि १/२५०, थांबला की सायलेंट आणि १/१००. दोन्ही सेटिंग यू१ आणि यू२ वर साठवून ठेवली आहेत, एक डायल फिरवली की झालं. झेड६ थ्री आणि झेड८मध्ये शटर दशांशात बदलून दिव्याच्या वारंवारतेशी जुळवायची सोयही आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये पट्टे विरताना दिसतात, तिथे थांबायचं.

शिवाय मिररलेसमध्ये पडद्याचं शटर वापरलं तरी आरशाचा खटका गेलेला असतो. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवला तर आवाज आणखी मऊ होतो. पृथ्वीत तो ऐकू येईलच, पण कुणी वळून बघणार नाही.

१८० डी बद्दल वाईट बातमी. तिला स्वतःची मोटर नाही, ती डी७५०च्या बॉडीतल्या मोटरवर फिरते. डीएसएलआरच्या लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड आणि एफटीझेड टू या दोन्ही अॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून ऑटोफोकस मिळणार नाही. फोकस हाताने करावा लागेल. फोकस पीकिंगने कडा रंगीत दिसतात आणि दृश्य मोठं करून डोळ्यावर फोकस लावता येतो, तेव्हा बसलेल्या नटासाठी ती उत्तम चालेल. वर हाताची थरथर सावरणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन मिळेल, जे त्या लेन्सला कधीच नव्हतं. ७०-२०० आणि ८५ दोन्ही ऑटोफोकससकट चालतात.

वजनाची आशा धरू नका. डी७५० बॅटरी-कार्डासह ८४० ग्रॅम. झेड६ थ्री ७६० आणि एफटीझेड टू १२५, म्हणजे बेरीज उलट वाढली. बॅटरी डी७५०ची एका चार्जवर बाराशेच्या पुढे मोजलेली आहे, झेड६ थ्रीची साडेतीनशेच्या आसपास. प्रत्यक्षात जास्त चालते, पण दोन अंकी नाटकाला खिशात दुसरी बॅटरी हवीच.

आणि मागचा स्क्रीन बंद ठेवा. काळोखात तो उजळला की आवाजापेक्षा जास्त त्रास होतो. 'फक्त व्ह्यूफाइंडर' निवडायचं, फोटो काढल्यावर दिसणारा रिव्ह्यू बंद, फोकससाठी लागणारा छोटा दिवाही बंद.

प्रतिसाद ३

मी वेगळं मत मांडतो. कॅमेरा बदलू नका, वेळ बदला. रंगीत तालमीला जा. वेशभूषा, नेपथ्य, प्रकाश सगळं असतं आणि प्रेक्षक नसतो. दिग्दर्शकाला सांगून एखादा प्रवेश पुन्हाही करून घेता येतो. सिनेमाच्या सेटवर स्टिल काढणारे पूर्वी कॅमेऱ्यावर आवाज दाबणारी जाड पेटी चढवत, ती अजूनही मिळते. दोन लाख वाचतील.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

काका, रंगीत तालमीला मी जातेच, जाहिरातीचे फोटो तिथलेच असतात. पण तालमीतला नट आणि भरलेल्या नाट्यगृहातला नट एक नसतो. समोर तीनशे माणसं श्वास रोखून बसलेली असताना तो पॉज जितका ताणतो, तितका रिकाम्या खुर्च्यांसमोर ताणत नाही. मला तोच फोटो हवा आहे. पेटीचा विचार केला होता, पण ती चढवल्यावर झूमची रिंग हाताला नीट लागत नाही.

१/१०० चं मात्र डोक्यात पक्कं बसलं. नट थांबलेला असताना वेगवान शटरची गरजच नाही, हे इतकं सरळ आहे. १८० हाताने फोकस करायला माझी तयारी आहे. मग झेड६ थ्रीकडे जावं की कमी पैशात झेड५ टू घेऊन १/१०० वर भागवावं?

प्रतिसाद २

झेड५ टू (२०२५) कॅमेरा म्हणून सुरेख आहे आणि अंधारात फोकसही चांगला लावतो, पण त्याचा सेन्सर साध्या प्रकारचा, वाचायला सावकाश. तुमच्या कामात सायलेंट हेच मुख्य कारण असेल तर फरकाचे पैसे झेड६ थ्रीवर घाला. हॉल प्रकाशाचा असता तर मी उलटं सांगितलं असतं. झेड६ थ्रीच्या एका खाचेत सीएफएक्सप्रेस नावाचं वेगळं कार्ड बसतं, दुसऱ्या खाचेत तुमची एसडी कार्डं चालतील. दोन्ही खाचा वापरायच्या असतील तर तो खर्च धरा.

प्रतिसाद ४

घेण्याआधी भाड्याने आणा. अंधेरीत शूटिंगचं सामान भाड्याने देणारे बरेच आहेत, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. एफटीझेड टू सोबत मागून घ्या. विकत घेताना फोर्टात बोरा बाजारला दोन-चार दुकानं फिरा, पण भारतातली वॉरंटी आणि जीएसटी बिल असल्याशिवाय पैसे देऊ नका. डी७५० विकायची घाई करू नका. शटरचा आकडा लाखाच्या वर असल्याने फार किंमत येणार नाही, आणि दुसरी बॉडी म्हणून १८० तिच्यावर ऑटोफोकससकट चालत राहील. पावसाळ्यात दोन्ही ड्राय कॅबिनेटमध्ये (ओलावा रोखणाऱ्या कपाटात) ठेवा. मिररलेसवर लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली धरा, सेन्सर उघडा असतो आणि विंगेत धूळ भरपूर.

मूळ प्रश्नकर्ती

डी७५० ठेवायची हे ठरलं, ते वाचून हायसं वाटलं. पुढच्या महिन्यात माटुंग्याला यशवंतमध्ये एका ओळखीच्या ग्रुपची रंगीत तालीम आणि लगोलग प्रयोग आहे. झेड६ थ्री दोन दिवस भाड्याने आणते. प्रतिसाद १ वाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे लाइटवाल्यासोबत आधी बसेन आणि प्रत्येक क्यूला, म्हणजे प्रकाश बदलतो त्या प्रत्येक जागी, चेहऱ्यावरचा दिवा किती टक्क्यांवर आहे ते लिहून घेईन. मग तालमीत प्रत्येक क्यूवर १/५०, १/१०० आणि १/२०० असे सायलेंट फोटो काढून बघते. टक्केवारीसकट ते फोटो याच धाग्यावर टाकेन. कुणाला आणखी एखादं शटर तपासून हवं असेल तर तोवर इथे लिहून ठेवा.