जिनिंगमध्ये वहिनीची तीन बोटं गेली, केस पेपरवर मात्र 'कडबा कुट्टी' लिहिलंय. भरपाई मिळू शकते का?

कपाशीवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू चार एकर. माझी वहिनी सीझनला जिनिंगमध्ये (कापसातली सरकी म्हणजे बी काढून रुई वेगळी करायची मिल) जायची, रोज ४०० रुपये, गावातलाच मुकादम बायांची गाडी भरून न्यायचा, हजेरी त्याच्या वहीत आणि हप्त्याचे पैसे पण त्याच्याच हातून. मिलच्या रजिस्टरला नाव आहे का नाही देव जाणे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये संध्याकाळच्या टायमाला रेच्यांखाली (सरकी काढायच्या मशिनींखाली) झाडत होती, तिथे सरकी वाहून नेणारा स्क्रू जमिनीतल्या नालीत आहे, त्यावर झाकण नव्हतंच. सरकी तुंबली, फिटर म्हणाला बाई जरा हाताने मोकळं कर, मशीन बंद केली नाही, आणि उजवा हात आत गेला. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मुळापासून गेली. करंगळी आहे पण वाकत नाही. तेव्हा तिचं वय ३० पूर्ण होतं.

१०८ ची गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात पट्टी केली, तिथून मालकाच्या ओळखीच्या प्रायव्हेट दवाखान्यात नेलं. तिथे मुकादमाने सांगितलं की घरी कडबा कुट्टीत (चारा कापायच्या मशीनमध्ये) हात गेला, पोलिसाचं लफडं झालं तर ऑपरेशन अडेल असं त्याने दादाला समजावलं, आणि तेच केस पेपरवर आलं. दवाखान्याचं बिल मिलने भरलं. नंतर ४० हजार रोख दिले आणि पाचशेच्या स्टँपवर 'माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही' असं लिहून वहिनीचा अंगठा घेतला. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून डावा.

आता तिच्याने ना वेचणी होते ना निंदण, विळा धरता येत नाही. मालकाकडे गेलो तर म्हणे बाई ठेकेदाराची, माझी नाही, आणि अपघात तर तुमच्या घरी झालाय, कागद बघा. ईएसआयच्या (सरकारी कामगार विमा) ऑफिसात विचारलं तर ते म्हणाले जिनिंग आमच्यात येत नाही. मग येतं तरी कशात?

बोंडअळी
भाऊ वाईट वाटलं वाचून पण खरं सांगू का, मिटवून घ्या. त्याच जिनवर तुम्ही कापूस घालणार, मुकादम गावातला, वकील तारखा घेत बसणार. अजून ५० हजार काढता आले तर बघा कुणा पुढाऱ्याला मध्ये घालून आणि मोकळे व्हा. बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेत का ते पण बघा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा असतो तो.

रुईची_गाठ
बोंडअळीभाऊ, पुढारी मध्ये घातला की पहिला हिस्सा त्याचाच, हे यवतमाळला सांगायला पाहिजे का. आणि तो २० रुपयेवाला विमा अख्खा हात नाहीतर पाय निकामी झाला तर देतो, बोटांवर देत नाही, शेतकरी अपघात योजनेचं पण तसंच आणि तिथे अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. त्यामागे वेळ घालवू नका.

कपाशीवाले, तुमची केस कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ ची आहे. ईएसआयवाले खरंच बोलले, सीझनल फॅक्टरी त्या कायद्यात नाही आणि कापसाची जिनिंग प्रेसिंग सीझनल फॅक्टरीच्या व्याख्येत नाव घेऊन आहे, गूळ साखर पण आहे. म्हणूनच तुम्हाला १९२३ चा कायदा मोकळा आहे, ईएसआय लागू असतं तर इकडे येताच आलं नसतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आलीय पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा, हक्क तेव्हाच तयार झाला. अर्ज दाखल कुठे करायचा ते लेबर कोर्टाच्या फायलिंगला विचारून घ्या.

हिशोब सांगतो म्हणजे ४० हजार म्हणजे काय चीज आहे ते कळेल. ४०० रोज गुणिले २६ म्हणजे महिन्याला १०,४०० (मर्यादा १५,००० आहे, २०२० पासून, त्याच्या आत बसतंय). त्याचे ६० टक्के म्हणजे ६,२४०. ३० वर्ष वयाला तक्त्यातला आकडा २०७.९८, गुणाकार केला की जवळपास १२ लाख ९७ हजार, ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ३० टक्के कमाईची क्षमता गेली असं धरलंय, म्हणजे ३ लाख ८९ हजारांच्या वर. शिवाय अपघातापासून एका महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. दवाखान्याचा खर्च वेगळा, तो यातून वजा होत नाही.

आणि ३० वर थांबू नका. करंगळी वाकत नाही म्हणता, म्हणजे त्या हातात फक्त अंगठा कामाचा राहिला. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर १९७५ चा निकाल आहे, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला, मालक म्हणत होता अंशतः अपंगत्व, कोर्ट म्हणालं एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही म्हणजे १०० टक्के. तुमची केस १०० ला जाईल असं मी म्हणत नाही, पण वेचणी निंदण हेच जिचं काम तिला उजव्या हाताशिवाय काय उरलं हे डॉक्टरच्या तोंडून कोर्टात यायला पाहिजे. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट घ्या पण त्यातले टक्के आणि कमाईच्या क्षमतेचे टक्के एक नसतात, वकील लोक इथेच झोपतात.

स्टँपला घाबरू नका. हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार या कायद्यात रद्दच असतो. त्यात बाई असेल तर एकरकमी भरपाई मालकाने आयुक्तांकडे (या कायद्याखालचे दावे ऐकणारे अधिकारी) जमा करायची असते, परस्पर हातात दिलेली भरपाई म्हणून धरलीच जात नाही. उलट मी म्हणतो तो कागद शोधाच. कडबा कुट्टी तुमच्या घरची, तर मग मिलचा मालक ४० हजार कशाचे देतोय आणि तक्रार नाही असं लिहून कशाला घेतोय? दवाखान्याचं बिल कुणाच्या खात्यातून गेलं ते पण काढा. त्याने जेवढे कागद लपवायला केले तेवढे तुमच्या कामाचे आहेत.

जुना_मुनीम
जिनिंगमध्येच जन्म गेला, मुनीम होतो, आता घरी असतो. मालक लोक एवढे का घाबरतात ते सांगतो. बहुतेक जिनवाल्यांकडे कामगार भरपाईची विमा पॉलिसी असते, बँकेचं कर्ज असलं की घ्यावीच लागते म्हणा. पण पॉलिसीत माणसं दाखवतात २०, आवारात असतात ६०, हप्ता वाचतो ना. मग ज्या बाईचं नाव कुठंच नाही तिचा हात गेला की विमा कंपनीला काय सांगणार? म्हणून कुट्टी, विहिरीवरची मोटर, ट्रॅक्टरवरून पडला, असलं लिहून घेतात. मी पण बघितलंय हे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, हात स्क्रूमध्ये गेला की लाइन बंद करावीच लागते, रेचे रिकामे फिरवत नाहीत. त्या दिवशीच्या प्रॉडक्शन रजिस्टरला किती वाजता बंद, किती वाजता चालू, कारण काय हे लिहिलेलं असतं, कारण रात्री रुईच्या गाठी कमी आल्या तर प्रेसवाला आणि जिनवाला एकमेकांवर ढकलतात. कारण 'ब्रेकडाऊन' असंच लिहिलं असेल पण वेळ १०८ च्या वेळेशी जुळेल. कोर्टातून ते रजिस्टर मागवता येतं. गेटचा कॅमेरा वगैरे आता विसरा, एवढ्या दिवसांचं कोणी ठेवत नाही.

आणि बाई ठेकेदाराची हे बोलणं जुनंच आहे, वजनकाट्यापासून प्रेसपर्यंत सगळेच ठेकेदाराचे असतात मालकाच्या तोंडी.

तालुक्याची_ताई
मी तालुका विधी सेवा समितीत पॅरालीगल म्हणून काम करते. दादा, वकिलाला टक्केवारीवर केस देऊ नका, आधी आमच्याकडे या. महिलेला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन करा.

मुनीमकाकांचं बरोबर आहे, ठेकेदाराचं माणूस असलं तरी मिलच्या धंद्याचं काम मिलच्या आवारात करताना लागलं तर मूळ मालकच जबाबदार, तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करो नाहीतर न करो, ते त्या दोघांचं. सीझनपुरती, रोजंदारीची म्हणून पण बाहेर काढता येत नाही, ती पळवाट २००० च्या दुरुस्तीत गेली. आणि 'तिनेच हात घातला' हे चालत नाही. दारू पिऊन होती, किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, किंवा झाकण मुद्दाम काढलं असं मालकाला सिद्ध करावं लागतं. इथे तर झाकणच नव्हतं आणि सांगणारा त्यांचाच फिटर.

तुमच्यासाठी सगळ्यात जड पारडं म्हणजे ग्रामीण रुग्णालयाचा पहिला कागद. प्रायव्हेटमध्ये मुकादम बोलला, पण ग्रामीणला वहिनी पोचली तेव्हा कोण बोललं? बऱ्याच वेळा तिथल्या रजिस्टरला ड्यूटीवरच्या डॉक्टरने एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) म्हणून खरं काय ते लिहिलेलं असतं कारण पढवायला तोपर्यंत कुणी आलेलंच नसतं. वहिनीच्या सहीने अर्ज करून केस पेपर आणि एमएलसीची नक्कल मागा, टाळलं तर माहिती अधिकारात मागा. १०८ ची पण नोंद मागा, गाडीने पेशंट कुठून उचलला ते त्यात असतं. घरातून उचललं नाही ना, मग झालं की.

मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे फेब्रुवारी २०२७ च्या आत अर्ज पडायला पाहिजे. त्याआधी मालकाला आणि मुकादमाला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या, पोचपावती जपून ठेवा. अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या आयुक्तांसमोर पण चालतो, जिन दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी.

कपाशीवाला
सगळ्यांचे आभार, ताईंचे जास्त. काल ग्रामीण रुग्णालयात वहिनीला घेऊनच गेलो. क्लार्क आधी नाही म्हणाला, मग एक सिस्टर निघाली तिला आठवत होतं, रजिस्टर काढलं तर त्यात चक्क लिहिलंय 'जिनिंग मशीनमध्ये हात अडकून' आणि सोबत आणणाऱ्याच्या जागी फिटरचं नाव. नक्कल पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले. स्टँपची कॉपी आमच्याकडे नाही, पण दादाच्या मोबाईलवर मुकादमाने तेव्हा फोटो टाकला होता ते चॅट अजून आहे, त्यात मालकाची सही दिसते.

आता अडचण अशी की मुकादम वहिनीच्या माहेरकडून चुलत मामा लागतो. वहिनी म्हणते मामाचं नाव घालू नका, फक्त मालकाचं घाला. मामा पण येऊन रडून गेला की माझी गाडी बंद होईल. त्याला सोडून केस होते का? आणि सोबतच्या बायका साक्ष द्यायला घाबरतात, त्यांना परत त्याच जिनमध्ये जायचंय.

रुईची_गाठ
कागद मिळाला हे लय भारी झालं. नक्कल हातात येईपर्यंत कुठे बोलू नका, पुढच्या आठवड्यात म्हणजे पुढच्याच आठवड्यात जाऊन उभे राहा. चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका.

मामाचं सांगतो. त्याला सोडलं तर मालकाचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल खरा मालक ठेकेदार, त्याला पार्टीच केलेलं नाही. म्हणून नाव घाला, पण वसुली मिलकडून मागितली की मामाचं घर जप्त होत नाही. मामाला हे नीट समजावा, आणि हेही की तो खरं बोलला तर त्याचीच सुटका आहे, कारण मिलने त्याला किती बाया आणायला सांगितल्या आणि पैसे कुणी दिले हे तोच सांगू शकतो. त्याची हजेरीची वही मागा. देत नसेल तर त्या महिन्याच्या पानांचे फोटो तरी.

बायकांना आताच ओढू नका. रजिस्टर, १०८, बिल आणि स्टँप एवढ्यावर नोकरी आणि अपघात दोन्ही उभे राहतात. एखादी सीझन सोडून गेलेली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असेल तर तिला विचारा.

तालुक्याची_ताई
+१. विमा कंपनीला पण पार्टी करा, पॉलिसी नंबर नसला तरी मालकाला हजर करायला लावता येतो. मूळ रक्कम कंपनी देते, दंड मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे दंडाची मागणी अर्जात स्वतंत्र लिहायला सांगा वकिलाला, म्हणजे मालक लवकर बोलणीला येतो. बोलणीला आलाच तर परत स्टँपवर नाही, आयुक्तांसमोर आणि पैसे त्यांच्याकडे जमा. निकाल लागल्यावर मालकाला नागपूर खंडपीठात अपील करायचं झालं तरी आधी सगळी रक्कम भरावी लागते. आणि वहिनींचं बँक खातं एकटीच्या नावावर आहे का? जॉइंट असेल तर आताच वेगळं काढून ठेवा, आधार लिंक करून.

बोंडअळी
मी मिटवा म्हणालो होतो ते ४० हजारात नाही बरं का 😅 भाऊ नक्कल मिळाली की इथे टाका काय झालं ते. आमच्याकडे पण एकाचा पाय प्रेसमध्ये गेलाय, त्याला ट्रॅक्टर लिहिलंय.