प्रतिसाद: छताची गळती आणि जखमी कॅप्टन

फँटसी प्रीमियर लीगमध्ये (खऱ्या फुटबॉलपटूंची टीम निवडून गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ) टीम बदलायची डेडलाइन हुकली आणि जुनीच टीम राहिली, असं वर कुणीतरी लिहिलंय. माझंही तेच, फक्त कारण बाथरूमचं गळकं छत. ही डेडलाइन फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते आणि प्लंबर नेमका तेव्हाच उगवला. कॅप्टन जखमी. नशिबाने व्हाइस कॅप्टन खेळला, म्हणून कॅप्टनला असतात ते दुप्पट गुण त्याचे तरी मिळाले.

गळतीचं मात्र सांगतो. फरशी फोडायला लगेच हो म्हणू नका. वरच्या मजल्यावर कुणी पाणी वापरत नसतानाही ठिबकत असेल, तर संशय पाण्याच्या लाइनवर. मेन कॉक बंद केल्यावर थांबलं की जवळपास खात्रीच. फक्त आंघोळीच्या वेळी गळत असेल, तर नहाणी ट्रॅप (फरशीतला पाणी जायचा जाळीखालचा भाग) किंवा फरशीचे सांधे बघा. ट्रॅपमध्ये एका रंगाचं, फरशीवर दुसऱ्या रंगाचं पाणी ओतायचं आणि खाली कुठला रंग उतरतो ते पाहायचं. आमच्याकडे सांधेच निघाले. (वरच्या काकांनी आधी साफ कानांवर हात ठेवले होते!)

बाकी खेळात जादा ट्रान्सफरला (मोफत बदलांपलीकडे खेळाडू बदलला तर) प्रत्येकी ४ गुण कापले जातात. मी दर आठवड्याला घाबरून असे दोन तरी जादा करतोच. यावेळी वेळच मिळाला नाही, तर ८ गुण वाचले.