पंधरा जणांचा माल, एक गाडी: जमवायचं कसं?

प्रश्न:
आम्ही पंधरा शेतकरी आसपासच्या खानावळींना भाजी पुरवतो. गिऱ्हाईक आहे, पण जो तो आपली गाडी काढतो आणि येताना रिकामा येतो. परवा एकाच दारात आमचेच तिघे पालक घेऊन हजर, टोमॅटो कुणाकडेच नाही! आधी गोदाम बांधावं का?

उत्तर १:
गोदाम राहू द्या, आधी वही घाला. कोण काय, किती देणार हे आदल्या संध्याकाळी एका माणसाकडे आलंच पाहिजे. आम्ही उलटं केलं. खोली भाड्याने घेतली आणि चार महिने तिच्यात रिकामे क्रेट सांभाळले.
क्रेट सगळ्यांचे एकाच मापाचे घ्या, नाहीतर गाडीत थप्पी बसत नाही. प्रत्येकावर शेताचं नाव आणि तोडणीची तारीख खडूने नको, चिठ्ठी लावा. ओल्या क्रेटवरचा खडू पहिल्या वळणालाच पुसला जातो.

उत्तर २:
पुढे थंड खोली केलीत तर तिचे दोन भाग करा. पालेभाजीला ० ते २ अंश लागतं. टोमॅटो १० च्या खाली फार दिवस राहिला की चव जाते. शिवाय पिकता टोमॅटो इथिलीन वायू सोडतो, शेजारचा पालक पिवळा पडतो.

प्रश्नकर्ता:
वही कुणाकडे, यावरच आमची जुंपणार!

उत्तर १:
ज्याचा माल गाडीत नाही त्याच्याकडे. आणि पगार द्या, फुकटात कुणी महिनाभरही टिकत नाही.