सम्राज्ञी की सूपवाली?

भोचक भवानी:
परवा इथे एकाने लिहिलं, "हैतीची पहिली सम्राज्ञी मारी-क्लेअर म्हणजे भोपळ्याचं सूप वाटणारी प्रेमळ बाई." वाचून डोकंच फिरलं. १८०० मध्ये हैतीतल्या जाकमेल शहराला वेढा पडलेला, आत लोक उपासमारीने मरतायत, आणि वेढा घालणारा खुद्द देसालिन, पुढे तिचा नवरा आणि हैतीचा सम्राट झालेला. त्याच्याकडेच जाऊन हिने अन्न, कपडे, औषधं आत न्यायची परवानगी काढली. हेच पुरुषाने केलं असतं तर तो मुत्सद्दी. बाईच्या हाती मात्र लगेच पळी!

शिळोप्याचा:
पळीला नावं ठेवू नका. ते सूप शिजवायचे गुलाम, ओरपायचे मालक. १ जानेवारी १८०४ ला हैतीला फ्रेंचांपासून स्वातंत्र्य मिळालं, तेव्हापासून त्या तारखेला घरोघरी तेच रटरटतं. २०२१ मध्ये युनेस्कोनेही दखल घेतली. माझ्या मावशीने चाळीस वर्षं लग्नघरी पंगती वाढल्या, पहिल्या पंगतीला कधी बसली नाही. तिला नुसती वाढपी म्हणाल?

तळ्यातमळ्यात:
आपला लाल भोपळा चालेल ना? मी केलं, पिठल्यासारखं झालं.

शिळोप्याचा:
मांस घातलंत? कोबी, बटाटा, शेवया? तिखट मिरची अख्खी सोडायची, फुटू द्यायची नाही. फुटली की संपलं.

तळ्यातमळ्यात:
आमच्याकडे शाकाहार. आणि मिरची फुटलीच.

भोचक भवानी:
पाककृतींना दुसरा धागा काढा हो!

खवट कोतवाल:
सूप राहू दे. १८०४ मध्ये देसालिनने फ्रेंचांची बायकामुलांसकट कत्तल केली, तेव्हा तुमची मुत्सद्दी मुकुट घालून बसली होती.

भोचक भवानी:
कत्तल एप्रिलपर्यंत, मुकुट ऑक्टोबरात. आधी कॅलेंडर उघडा. नवऱ्याला तोंडावर विरोध करून तिने फ्रेंच माणसं वाचवली. त्याआधी १८०२ मध्ये देकुर्ती नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला तर स्वतःच्या पलंगाखाली लपवलं.

खवट कोतवाल:
बरं बाई, तारखा तुमच्या. पण पलंगाखाली मावून मावणार किती?

भोचक भवानी:
जो मावला त्याला विचारा. १८०६ मध्ये देसालिनचा खून झाल्यावर ती गरिबीत राहिली, १८५८ मध्ये वारली. त्या बावन्न वर्षांवर कुणी एक ओळ लिहीत नाही.

शिळोप्याचा:
ते मात्र खरं. मावशीच्या म्हातारपणीही कुणी फिरकलं नाही.

तळ्यातमळ्यात:
सालं काढायची का भोपळ्याची?