मदत हवी आहे: सिटी व्हीटेकला एक्झॉस्ट पाईप २ इंची की २.२५?

मंडळी, गाडी होंडा सिटी व्हीटेक, जुनी १.५ लिटर, स्टॉक (कंपनीतून आलेली) पॉवर १०६ बीएचपी. टर्बो नाही आणि पुढेही बसवायचा नाहीये. ४-२-१ हेडर (इंजिनमधून निघणारे चार पाईप आधी दोन, मग एक करणारा) आणि ओपन एअर फिल्टर झालंय, कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तसाच ठेवणार, पीयूसी व्यवस्थित पास होते. मागचा मफलर सडलाय म्हणून आता कॅटपासून मागे सगळी लाईन एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) मध्ये नवीन करून घेतोय.

स्टॉक पाईप व्हर्नियरने मोजला तर बाहेरून ४५ मिमीच्या आसपास भरला, पण बेंडच्या जागी तो चांगलाच चेपलेला आहे. एक फॅब्रिकेटर म्हणतो डोळे झाकून २.५ इंची टाका, पण २ इंचीच्या मानाने त्याचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, म्हणजे गॅसचा वेग पडणार आणि खालचा टॉर्क जाणार, घाटात दुसऱ्या गिअरला तेच तर लागतं ना! दुसऱ्याकडे २ इंची आहे पण तो प्रेस बेंड मारतो (वळणावर पाईप चेपतो), मॅन्ड्रेल बेंड (आतून आधार देऊन न चेपता वाकवलेला) फक्त २.२५ मध्ये मिळतोय.

रोजचा वापर शहरात, वीकेंडला ताम्हिणी, कधीतरी ट्रॅक डे. आवाज मोठा नकोय, हायवेला ३००० आरपीएमला घुमणं तर अजिबात नको. खाली स्पीड ब्रेकरला घासू नये हेही बघायचंय.

कोणी याच इंजिनवर दोन्ही साईज चालवल्यात का? मॅन्ड्रेल २.२५ घेतला तर ३००० च्या खाली फरक खरंच जाणवतो का, आणि रेझोनेटर (घुमणं कमी करणारा डबा) नेमका कुठे बसवलात?