मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात प्रोबेशन ऑफिसरला बंदूक कायदा देतो की खातं?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाच्याला इथे कॅलिफोर्नियात एकाच काउंटीकडून (म्हणजे जिल्ह्याकडून) दोन जागांसाठी बोलावणं आलंय. एक तुरुंगात कैदी सांभाळणाऱ्या कस्टोडियल ऑफिसरची, दुसरी डेप्युटी प्रोबेशन ऑफिसरची, म्हणजे कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्याची. ताईचा पुण्याहून एकच धोशा: "याला बंदूक घेऊन फिरावं लागणार का?" भाच्याला नेमकी उलट काळजी. गुन्हेगारांच्या दारात जायचं आणि कमरेला फक्त वॉकीटॉकी, असं नको म्हणतो.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा अख्ख्या देशाला लागू, आणि कर्तव्यावरच्या लोकसेवकाला त्याच्या कलम ४५ मध्ये सूट. इथे प्रत्येक राज्याचं वेगळं. म्हणून राज्याची दंडसंहिता उघडून बसलो. कलम ८३० पासून 'पीस ऑफिसर' (पोलिसासारखे अधिकार असलेला अधिकारी) कोण कोण, याची मारुतीच्या शेपटासारखी यादी आहे. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), पोलीस ८३०.१ मध्ये, हायवे पॅट्रोल ८३०.२ मध्ये. त्यांच्याबद्दल काही शंका नाही.

खरी मेख ८३०.५ मध्ये आहे. पॅरोल, प्रोबेशन आणि राज्याच्या तुरुंगांतले अधिकारी सगळे या एकाच कलमात, पण हक्क सारखे नाहीत. राज्य तुरुंगखात्याच्या माणसाला ड्यूटी संपल्यावरही शस्त्र बाळगायची मुभा आहे. प्रोबेशनवाल्याला मात्र नेमणाऱ्या खात्याने परवानगी दिली तरच, आणि तीही खातं घालेल त्या अटींवर. वर कलम ८३२ चं प्रशिक्षण आणि दर तिमाहीला नेमबाजीची चाचणी. म्हणजे बिल्ला कायद्याने, पिस्तूल साहेबाच्या सहीने!

काउंटीच्या तुरुंगातल्या कस्टोडियल ऑफिसरचं (८३१ आणि ८३१.५) आणखी वेगळं. तो मुळात पीस ऑफिसरच नाही. ८३१ खाली कामावर शस्त्र नाहीच. ८३१.५ खाली शेरीफच्या हुकमाने ठरावीक प्रसंगी मिळतं: कैदी नेताना, इस्पितळातल्या कैद्यावर पहारा देताना, तुरुंगात दंगल उसळली तर. एरवी नाही.

आता नेमकं विचारायचं ते:

१. प्रोबेशनमध्ये लेखी परवानगी हुद्द्याला मिळते, तुकडीला की एकेका माणसाला? ज्यांच्या घरी कुणी या खात्यात आहे त्यांचा अनुभव सांगा.

२. अमेरिकेचा २००४ चा केंद्रीय कायदा पात्र अधिकाऱ्याला कुठल्याही राज्यात लपवून शस्त्र नेऊ देतो, पण त्यातही 'खात्याने शस्त्राची परवानगी दिलेला' ही अट आहेच. ज्या प्रोबेशनवाल्याला फक्त ड्यूटीपुरती परवानगी आहे, तो यात बसतो का?

३. शस्त्र खात्याचं असेल तर रात्री घरी आणतात की कार्यालयातच जमा करतात? घरात चार वर्षांची नात आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा. तिजोरी, कुलूप खातं देतं की आपणच घ्यायचं?

"बंदुकीची नोकरीच नको" हा सल्ला ताई रोज देतेच आहे, तो कृपया इथे नको. भाच्याला येत्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय.